श्रद्धेची किंमत कोण मोजतो?

दिवाळीच्या दिवसांत मराठी घरांतून दोन गोष्टी हमखास घडतात. फराळाची ताटे फिरतात आणि कुठल्या तरी निमित्ताने देव आहे की नाही, हा वाद निघतो. शहरातून आलेला मुलगा लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताची थट्टा करतो, काका चिडतात, आणि आजी ‘चिवड्यात मीठ कमी पडले का रे?’ असे विचारून विषय बदलू पाहते. रात्री उशिरा वाद थांबतो. तो कुणी जिंकले म्हणून थांबत नाही. सर्वांना झोप आलेली असते म्हणून थांबतो. मराठी साहित्यात बुद्धी आणि श्रद्धा यांचा जो वाद गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे चालला आहे, त्याची बैठकही पुष्कळदा अशीच मोडलेली आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू होतो.

याचे कारण, मला वाटते, असे की आपण हा वाद एकाच मापाने मोजत आलो आहोत. ‘देव खरा की खोटा?’ हे ते माप. तत्त्वज्ञाला ते पुरेसे असेल. पण साहित्याच्या वाचकाला ते अपुरे पडते. ज्या लेखकांनी या प्रश्नावर खरोखर काही मोलाचे लिहिले, त्यांच्या लेखनात एक दुसरेच माप वावरताना दिसते, आणि ते त्यांनी स्वतः क्वचितच स्पष्ट शब्दांत सांगितलेले असते. ते माप म्हणजे : या श्रद्धेची किंमत कोण मोजतो? श्रद्धा ठेवणारा स्वतः, की दुसराच कुणी? या मापाने काही मराठी लेखन तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी हे परभणी जिल्ह्यातील चारठाणा या गावी बसून लिहितो आहे, आणि गावाचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. जिंतूर तालुक्यातले हे गाव जुन्या शिल्पांसाठी ओळखले जाते. यादवकालीन धाटणीची देवळे, बारव, पडझड झालेल्या मंडपांचे खांब आणि एकटाच उभा असलेला एक कोरीव दगडी स्तंभ ही त्याची ओळख. दगडाला दगड असा बसवलेला, की मध्ये चुना नाही की माती नाही. खाच आणि खुंटी, वजन आणि तोल यांच्यावर सारे उभे. अशा बांधणीला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. वास्तविक हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातला मंत्री. आणि अंबरनाथचे देऊळ इ. स. १०६० चे, म्हणजे त्याच्याही दोनशे वर्षे आधीचे. त्या धाटणीला त्याचे नाव चिकटले, एवढेच.

पण ही देवळे कुणी बांधली असे खेड्यातल्या जुन्या माणसाला विचारावे, तर उत्तर निराळेच मिळते. पांडवांनी बांधली, एका रात्रीत बांधली, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला. किंवा हेमाडपंत लंकेला गेला, बिभीषणाला त्याने दुखण्यातून उठवले, आणि बदल्यात राक्षस राबवून ही देवळे उभी केली. मोडी लिपीही त्याने तेथूनच आणली. लहानपणी या कथा मी ज्या गोडीने ऐकल्या, त्या गोडीने नंतर फार थोडी पुस्तके वाचली. त्यांत लबाडी नाही. एवढा मोठा दगड एवढ्या उंचीवर कसा गेला, याचे आश्चर्य त्यांत आहे, आणि आश्चर्य वाटणे हा बुद्धीचाही पहिला धर्म आहे.

तथापि या गोड कथेचीही एक किंमत आहे, आणि ती एका माणसाने मोजलेली आहे. तो माणूस म्हणजे पाथरवट. ज्याने सुतळी आणि गुण्या लावून दगड मापला, ज्याच्या मुलाने छिन्नीला धार लावली, ज्याचे डोळे दगडाच्या कपच्यांनी अधू झाले असतील, त्याचे श्रेय आपण एका रात्रीत राक्षसाला देऊन टाकले. देवळावर त्याचे नाव नाही. निदान त्याची अक्कल तरी त्याच्या नावे राहायला हवी होती. बुद्धी चमत्काराला प्रश्न विचारते तेव्हा ती देवाचे काही काढून घेत नाही. पुष्कळदा ती एका कारागिराला त्याचे घेतलेले परत देत असते.

गावातल्या त्या स्तंभाचेही तसेच. कुणी त्याला दीपमाळ म्हणतात, कुणी विजयस्तंभ, कुणी जैनांचा मानस्तंभ. जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत, आणि या भागात शैव आणि जैन अवशेष शेजारी शेजारी सापडतात. तेव्हा वादाला जागा आहे. हा वाद भक्तीने सुटणार नाही आणि तावातावानेही सुटणार नाही. शिल्प, घडण, आजूबाजूचे अवशेष, लेख असल्यास लेख, यांच्या साक्षीनेच तो सुटेल. घडलेल्या गोष्टीचा प्रश्न असेल तेथे पुराव्याचा शब्द शेवटचा, हे श्रद्धावंतानेही मानले पाहिजे.

हे मानण्यात श्रद्धेला कमीपणा येतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही, हे दाखवायला विलायतेला जाण्याची गरज नाही. पैठणला गेले तरी पुरते. ज्ञानेश्वरी सांगून झाल्याला तीन शतके होत आली होती. नकलणाऱ्यांनी पाठ बिघडवले होते, कुणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. एकनाथांनी अनेक पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी असा इशाराही दिला, की यापुढे जो कुणी यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. ज्या ग्रंथापुढे मस्तक ठेवायचे, त्याचीच अक्षरे एकेक करून तपासायची, हे काम नाथांना पाखंड वाटले नाही. उलट, भक्ती खरी असेल तर भेसळ खपणार नाही, हीच त्यांची धारणा होती. मराठी पाठचिकित्सेचा पाया एका भक्ताने घातला आहे, हे बुद्धिवाद्यांनी आणि भाविकांनीही विसरू नये.

पुढे १८९८-९९ च्या सुमारास ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रात लेख लिहिले, आणि ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर व अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष होत, असा सिद्धान्त मांडला. मोठा गदारोळ झाला. तो सिद्धान्त पुढच्या अभ्यासकांनी बहुतांशी मानला नाही. पण त्याला उत्तर द्यायचे तर भाषा, काळ, संप्रदाय आणि पोथ्या यांचा विचार करणे भाग पडले. नुसते कान झाकून भागले नाही. चुकीचा पण प्रामाणिक प्रश्नसुद्धा श्रद्धेच्या घरात झाडलोट करून जातो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. येथे किंमत मोजली ती प्रश्न विचारणाऱ्याने. लाभ झाला तो सर्वांचा.

हा झाला घडलेल्या गोष्टींचा प्रांत. खरी अडचण सुरू होते ती पुढे, जगण्याच्या प्रांतात. आणि तेथे प्रथम आठवतात ते गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचे निबंध आज पुन्हा वाचताना मला त्यांत दोन आगरकर दिसतात. एक ‘देवतोत्पत्ति’ लिहिणारे आगरकर. आदिमानवाची भीती, त्याची स्वप्ने, मेलेल्या माणसांविषयीच्या त्याच्या कल्पना, यांतून देव कसे निपजले, हे ते स्पेन्सरच्या वाटेने जाऊन समजावून सांगतात. विवेचन स्वच्छ आहे, धीट आहे. त्या काळात ते छापणे हेच मोठे धाडस होते. पण वाचून झाल्यावर मन हलत नाही. देव कोठून आला हे कळले, म्हणून देवापुढे हात का जोडले जातात हे कळले, असे होत नाही. नदीचा उगम दाखवला म्हणून तहान का लागते याचा उलगडा होत नाही, तसेच हे.

दुसरे आगरकर म्हणजे विधवांच्या केशवपनावर, बालविवाहावर लिहिणारे आगरकर. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा महाराष्ट्रात जो गहजब झाला, त्यात ज्या थोड्या लेखण्या ठाम राहिल्या त्यांत त्यांची होती. या लेखनात त्यांची वाक्ये तापतात. शास्त्राधार, युक्तिवाद, उपहास, सारे येते; पण त्या सर्वांच्या मागे एक मूल, एक मुंडण केलेली बाई उभी असते. तत्त्वज्ञान तेच, लेखक तोच. मग लेखनाच्या प्रतीत एवढा फरक का? माझे उत्तर असे, की पहिल्या निबंधात ते देवाशी वाद घालीत होते, आणि दुसऱ्यांत एका वसुलीशी. धर्म कुणाचा, आणि केस कुणाचे? पुण्य कुणाला, आणि अंधारी खोली कुणाला? बुद्धी हा प्रश्न विचारते तेव्हा तिला आपोआप भाषा सापडते.

आगरकरांनी स्वतःच्या बुद्धिवादाची किंमत दुसऱ्याला मोजायला लावली नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली. पण घरात पत्नी यशोदाबाई देवपूजा आणि व्रते करीत, त्याला त्यांनी आडकाठी केली नाही. काहींना ही विसंगती वाटते. मला त्यात त्यांच्या विचारांची कसोटी उतरलेली दिसते. यशोदाबाईंच्या पूजेची किंमत यशोदाबाईच मोजीत होत्या. तेथे सक्ती केली असती, तर तीही एक प्रकारची वसुलीच झाली असती. फक्त पावती बुद्धीच्या नावाने फाडली गेली असती.

आगरकरांचे विवेचन जेथे पोचत नाही, ती जागा दाखवायला परभणी जिल्ह्यातलेच एक नाव पुरेसे आहे. गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल जाते ओढतो, पाणी भरतो, शेण्या वेचू लागतो, आणि प्रसंगी तिच्या शिव्याही खातो. ‘देव कोठून आला?’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. जनाबाईचा देव हे जगाच्या उत्पत्तीचे स्पष्टीकरण नव्हे. पहाटेच्या अंधारात, सारे घर झोपलेले असताना, दासीचे काम हलके करायला कुणी तरी येते, एवढाच तिचा दावा आहे. बुद्धीने येथे काय करावे? मला वाटते, तिने दोन गोष्टी कराव्यात. जनाबाईच्या जवळचा सोबती काढून घेण्याची घाई करू नये. आणि ती दासी का होती, तिच्या जात्याला दुसरा माणसाचा हात का लागत नव्हता, हा प्रश्न मात्र जरूर विचारावा. जनाबाईच्या श्रद्धेची किंमत जनाबाई मोजते. पण तिच्या एकटेपणाची किंमत समाजाने तिच्यावर लादलेली आहे. बुद्धीचे भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे, पहिलीशी नाही.

हा भेद नरहर कुरुंदकरांना चांगला कळत होता. त्यांचे कुरुंदा हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यातच मोडे. १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. ते नास्तिक होते आणि ते लपवीत नसत. पण परंपरेतला ग्रंथ हाती घेतला, की आधी तो काय म्हणतो हे नीट ऐकायचे आणि मग हिशेब मागायचा, ही त्यांची रीत होती. श्रद्धा नसणे म्हणजे कान नसणे नव्हे, हे मराठी समीक्षेला त्यांनी दाखवून दिले.

बुद्धी आणि श्रद्धा यांचा वाद निबंधातून काढून एका माणसाच्या आयुष्यात नेऊन ठेवायचा प्रयत्न वामन मल्हार जोशी यांनी ‘सुशीलेचा देव’ या कादंबरीत केला. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. नावातच सगळे आहे. देव म्हणजे कुठला? तर सुशीलेचा. तिच्या मनातली देवाची कल्पना वयाबरोबर आणि अनुभवाबरोबर पालटत जाते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीपाशी ती सुरू होते आणि माणसाच्या ध्येयाकडे वळते. वामनरावांच्या पात्रांना चर्चेची फार हौस, हा जुना आक्षेप याही कादंबरीला लागू आहे. पुष्कळ ठिकाणी माणसे जगायची थांबून बोलत बसतात. असे असूनही या कादंबरीचे एक मोठेपण टीकाकारांनी पुरेसे ओळखले नाही, असे मला वाटते. आपल्याकडे तोवर देवाविषयीचा वाद पुरुषांनी पुरुषांशी घातला होता, आणि स्त्रियांच्या वाट्याला उपासतापास तेवढे आले होते. येथे एक सुशिक्षित स्त्री आपला देव स्वतः पारखते, जुना टाकते, नवा घडवते. ज्या घरात देवाचे सारे करायचे बाईने आणि देवाविषयी ठरवायचे पुरुषाने, त्या घराला ही कादंबरी फारच अडचणीची होती. किंमत मोजणाऱ्यालाच विचारण्याचा हक्क, हे तत्त्व वामनरावांनी आवाज न चढवता मांडले.

पण या प्रश्नावरचे मराठीतले सर्वांत परिणामकारक भाष्य छापील पुस्तकात झालेले नाही, असे मी म्हटले तर साहित्यप्रेमी वाचकांना राग येईल कदाचित. ते गाडगेमहाराजांच्या कीर्तनात झाले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तन सांगायचे, हा त्यांचा क्रम. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे, म्हणून त्यांच्या शैलीविषयी आपल्याला ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागत नाही.

त्यांची पद्धत प्रश्नाची. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना विचारत जात आणि श्रोते उत्तर देत जात. नवसासाठी कापलेले बकरे, तीर्थयात्रेसाठी काढलेले कर्ज, लग्नासाठी विकलेले शेत, शिवाशिव, पोराला शाळेत न घालणे, असे विषय. प्रश्न इतके साधे, की त्यांना ‘युक्तिवाद’ म्हणताना शब्द जड वाटतो. आणि उत्तर श्रोत्याच्याच तोंडून निघे, त्यामुळे ते नाकारायची सोय उरत नसे. ज्या कामासाठी आगरकरांना स्पेन्सर लागला, ते या अक्षरशत्रू माणसाने टाळ, चिपळ्या आणि विठ्ठलाचे नाव यांच्या साथीने केले. पंढरपूरची वारी त्यांनी मोडली नाही. वारकऱ्याला राहायला धर्मशाळा बांधली, आणि जे दाराबाहेर ठेवले गेले होते त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने बांधली. भक्ताने स्वतः मोजलेल्या किमतीला, म्हणजे पायपिटीला, उन्हाला, उपासाला, त्यांनी हात लावला नाही. पण घरातल्या धान्याच्या कणगीतून आणि बकऱ्याच्या मानेतून वसूल होणाऱ्या किमतीवर त्यांनी आयुष्यभर घाव घातले. आपले माप त्यांच्याइतके अचूक कुणी वापरलेले नाही.

साने गुरुजींचे उदाहरणही याच जातीचे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. गुरुजी बुद्धिवादी नव्हते. त्यांच्याइतका भाविक लेखक मराठीत शोधूनही सापडणार नाही. त्यांचे भांडण देवाशी नव्हते. देवाच्या दाराशी उभे राहून दुसऱ्याकडून अपमानाची किंमत घेणाऱ्यांशी होते. आणि ते भांडणही त्यांनी स्वतःचे प्राण पणाला लावून केले, दुसऱ्याचे नव्हे.

आता एक कटू गोष्ट. सणाच्या अंकात ती नको, असे वाटेल. पण आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने या विषयावर लिहिताना ती वगळली, तर बाकीचे सारे लिहिणे खोटे पडेल. १९७२ ते १९७४ या काळात याच परभणी जिल्ह्यात, मानवतला, मुलींच्या आणि स्त्रियांच्या हत्या होत राहिल्या. गुप्तधनाच्या आणि अपत्याच्या आशेने दिलेले नरबळी म्हणून तो खटला गाजला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणाचा दोष किती, हे न्यायालयांनी ठरवले. त्यात मला पडायचे नाही. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या आईबापांनी मुलींना एकटे घराबाहेर सोडणे बंद केले होते. ‘ज्याची त्याची श्रद्धा’ हे वाक्य आपण फार उदारपणे उच्चारतो. मानवतचे नाव आठवले, की त्या वाक्याचा अर्धा भाग गळून पडतो. श्रद्धा ज्याची त्याची असेल. मूल मात्र दुसऱ्याचे होते.

याच जागेवर नरेंद्र दाभोलकरांचे काम उभे होते. अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवा-धर्माच्या विरोधात नाही, शोषणाच्या विरोधात आहे, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. कित्येकांना ती सावध चाल वाटे. मला तो मराठी विचारपरंपरेतून गाळून घेतलेला निष्कर्ष वाटतो. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन दाभोलकरांनी १९९८ पासून अखेरपर्यंत केले. एका परमभक्ताचे पत्र एका निरीश्वरवाद्याने पंधरा वर्षे चालवले, आणि वाचकांना त्यात जोड दिसला नाही. चारठाण्याच्या दगडांसारखे ते दोघे चुन्यावाचून एकमेकांत बसले, कारण दोघांचा भार एकाच दिशेने जात होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते इतकी वर्षे झगडले, तो त्याच वर्षी झाला. तो कायदा देवावर विश्वास ठेवायला बंदी करीत नाही. दुसऱ्याच्या देहाने आणि पैशाने किंमत वसूल करायला बंदी करतो.

या मापावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. स्वतः किंमत मोजणारा खरोखर स्वतः मोजतो का? कर्ज काढून यात्रा करणारा बाप म्हणेल, माझे कर्ज, माझी यात्रा. पण फी भरायची राहते ती मुलाची. निर्जळी उपास करणारी सून म्हणेल, माझ्या मनाने केला. पण न केला असता तर घरात काय ऐकावे लागले असते? आक्षेप मान्य. त्याने माप चुकीचे ठरत नाही. ते नीट धरायला हवे एवढेच ठरते. कादंबरीकाराचे, समीक्षकाचे, आणि घरातल्या प्रत्येक शहाण्या माणसाचे काम नेमके हेच आहे, की जेथे पावतीवर एकाचे नाव आहे तेथे पैसे कुणाच्या खिशातून गेले, हे शोधून काढावे.

आणि हे माप एकतर्फी नाही. ते बुद्धीलाही लावले पाहिजे. ज्या तरुणाने आपला निधडेपणा सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्या आईचे टाक उचलून अडगळीत टाकले, त्याच्या बुद्धिवादाची किंमत कुणी मोजली? त्या तरुणाने नव्हे. मित्रांत त्याची वाहवा झाली. आई मात्र दुपारभर रिकाम्या देव्हाऱ्यापुढे बसून राहिली. आपल्या नवसाहित्यात अशा मुर्तीभंजक नायकांची वाण नाही, आणि त्यांतले बरेच मला पोकळ वाटतात ते याचसाठी. त्यांनी काही गमावलेले नसते. आगरकरांनी आपली प्रेतयात्रा पाहिली, दाभोलकरांनी प्राण दिला. त्यांच्या शब्दांना जे वजन आहे ते या मोजलेल्या किमतीचे आहे. फुकटची श्रद्धा आणि फुकटची बुद्धी, दोन्ही सारख्याच हलक्या.

दिवाळीचा दिवा हे या सगळ्याचे घरगुती उदाहरण आहे. वैष्णवाला तो नरकासुराच्या वधाचा, व्यापाऱ्याला लक्ष्मीच्या स्वागताचा, आणि जैनाला महावीरांच्या निर्वाणाचा. कोणते कारण खरे, यावर या रात्री कुठेही भांडण होत नाही. तीन कारणांचे दिवे एकाच गल्लीत लागतात आणि उजेड एकच पडतो. मला वाटते, तो शहरातून आलेला मुलगा आणि त्याचे काका यांनी यंदा फराळाला बसल्यावर देव आहे की नाही हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी एवढेच पाहावे, की आपल्या घरच्या सणासाठी पहाटे तीनला कोण उठले, कढईपुढे कोण बसले, आणि सगळ्यांचे झाल्यावर शेवटी कोण जेवले. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलगा आणि काका कदाचित प्रथमच एका बाजूला येतील. आणि चिवड्यात मीठ बरोबर आहे की नाही हे विचारायची वेळ आजीवर येणार नाही.